कॅम्पर व्हॅनच्या छतावरचा पंखा: तीन स्पीड पुरेनात म्हणून केलेली खटपट

पायवाट

आम्ही दोघं ओरेगनमध्ये पोर्टलंडला असतो. तीन वर्षांपूर्वी एक वापरलेली रॅम प्रोमास्टर घेतली आणि शनिवार-रविवार खपून तिची कॅम्पर व्हॅन केली. इन्सुलेशन, पलंग, ओटा, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, सगळं घरीच. छतात १४ बाय १४ इंचाचं भोक पाडून आतली हवा बाहेर फेकणारा १२ इंची पंखा बसवला. इकडे व्हॅनवाल्यांकडे दोन-तीन कंपन्यांचे पंखे असतात आणि भोकाचं माप सगळ्यांना तेच लागतं. आम्ही सगळ्यात साधा घेतला: झाकण हाताने फिरवून उघडायचं आणि तीन स्पीडचा एक खटका.

दोन उन्हाळे काही तक्रार नव्हती. गेल्या नोव्हेंबरमध्ये आई सांगलीहून आली, तिला समुद्र दाखवायला केप पर्पेचुआकडे घेऊन गेलो. बाहेर सात-आठ डिग्री आणि तिकडचा नेहमीचा आडवा पाऊस. पलंगावर आई आणि मी, पुढच्या सीटजवळ गादी टाकून नवरा. पंखा एक नंबरवर ठेवला. एक नंबर म्हणजेसुद्धा बराच वारा आणि बरीच घरघर. बारा वाजता आई म्हणाली, "अगं, डोक्यावर गार झोत येतोय, कान दुखायला लागला." मी पंखा बंद केला आणि झाकण लावून घेतलं.

पहाटे चारला माझ्या कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावून वर बघितलं, तर लाकडी पट्ट्यांच्या फटीतून छताची लोखंडी बरगडी दिसते तिथे थेंबांची रांग लागली होती, पागोळ्यांसारखी. खिडक्यांच्या काचांवरून ओघळ. घरी येऊन गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर काळे ठिपके. आईला दम्याचा त्रास आहे आणि मी तिला बुरशीवर झोपवलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणजे गोची अशी की पंखा बंद तर पाणी, आणि चालू तर वारा आणि आवाज. मधलं काही नाही. मला रात्रभर अगदी हळू, ऐकू न येईल असा फिरणारा पंखा हवा होता.

पंखा खाली उतरवून उघडला. मोटर साधी, कार्बन ब्रशची, दोनच तारा. खटक्याच्या मागे एक पांढरा सिरॅमिकचा रेझिस्टर. एक आणि दोन नंबरला वीज त्या रेझिस्टरमधून जाते, तीन नंबरला थेट. बॅटरीच्या तारेत मीटर लावून मोजलं: एक नंबरला १.४ अँपिअर, दोनला २.०, तीनला २.९. एक नंबरवर पाच मिनिटं चालवून रेझिस्टरला बोट लावलं तर चटका बसला.

मग बाजारात मिळणारा बटण फिरवायचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणून रेझिस्टरच्या जागी लावला. आता पंखा जेमतेम फिरतोय इतका हळू चालतो आणि बॅटरीतून ०.१५ अँपिअर घेतो. जुन्या एक नंबरइतका वेग ठेवला तर ०.९५. नऊ तासांच्या रात्रीला आधी साडेबारा अँपिअर-अवर जायचे, आता दीड जातो.

दोन गोष्टी अडल्यात. एक, हळू वेगावर मोटरमधून बारीक शिट्टी येते, डास कानाशी घोंगावल्यासारखी. दुसरं, रात्री हवा बदलते, पाऊस थांबतो, थंडी वाढते, तेव्हा उठून बटण कोण फिरवणार? हे आपोआप व्हावं असं वाटतंय. इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच आहेत, त्यांनी सांगावं. मी त्या क्षेत्रातली नाही, सोल्डरिंग मात्र जमतं.

---

तारमिस्त्री

उत्तम धागा. मीटर लावून आकडे दिलेत त्यामुळे बोलायला सोपं जातं.

शिट्टीचं कारण: पीडब्ल्यूएम म्हणजे मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणं. ती चालू-बंद माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असेल तर मोटरचं वाइंडिंग त्याच सुरात थरथरतं. स्वस्त कंट्रोलर बहुतेक याच पट्ट्यात चालतात. आपल्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झ. २५ किलोहर्ट्झवर चालणारा घ्या किंवा करा, शिट्टी जाईल.

आणखी एक बघून घ्या. मोटरच्या दोन तारांवर उलटा डायोड आहे का? वीज तोडली की वाइंडिंगमधला करंट लगेच थांबत नाही, त्याला फिरायला वाट लागते. कंट्रोलरमध्ये बहुधा असतो, पण तारा लांब असतील तर मोटरजवळ आणखी एक लावा. २५ किलोहर्ट्झला नेहमीचा १एन४००७ डायोड चालणार नाही, तो हळू आहे. शॉटकी डायोड लावा, पाच अँपिअरचा, ४० व्होल्टचा.

तुमचे आकडे अगदी बरोबर जुळतात, त्याचा हिशेब सांगतो. पंख्याला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ताकद घनाने. वेग निम्मा केला की ताकद आठवा हिस्सा पुरते. ब्रशच्या मोटरमध्ये करंट जोराप्रमाणे चालतो. एक नंबरला १.४, पूर्ण वेगाला २.९, म्हणजे जोर निम्म्याच्या आसपास आणि वेग साधारण ७० टक्के. मोटरला त्या वेगाला साडेआठ व्होल्ट पुरतात. उरलेले सव्वाचार व्होल्ट १.४ अँपिअरने रेझिस्टरवर पडतात, म्हणजे सहा वॉट उष्णता. तोच तुमचा चटका. बॅटरीतून निघणाऱ्या १८ वॉटपैकी एक तृतीयांश तिथेच जळत होते. पीडब्ल्यूएममध्ये हे नुकसान नाही, म्हणून त्याच वेगाला ०.९५.

---

मिताक्षरी

वाचतेय. काही कळतंय, काही नाही, पण आईंच्या कपाळावरच्या थेंबापाशी थांबले. आता तब्येत कशी आहे त्यांची?

---

पायवाट

@मिताक्षरी, थेंब माझ्या कपाळावर पडला, आईच्या नाही. ती बरी आहे, जानेवारीत परत गेली. फोनवर रोज विचारते, "पंख्याचं काय झालं?"

@तारमिस्त्री, तुमच्या हिशेबाने डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सव्वाचार व्होल्टचं गणित मला कुणी सांगितलंच नव्हतं.

---

राईनकाठ

मी जर्मनीतून. आमच्याकडेही व्हॅन आहे, फियाट डुकाटो. (तुमची प्रोमास्टर डुकाटोवरूनच काढलेली आहे, त्यामुळे छताच्या बरगड्या ओळखीच्या वाटल्या.)

पुढे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. हा बदल फक्त ब्रशच्या मोटरला, म्हणजे आत दोनच साध्या तारा असलेल्या पंख्याला चालतो. ज्या पंख्यात दहा स्पीड, रिमोट, थर्मोस्टॅट आहे त्याच्या आत आधीच एक बोर्ड असतो. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेत पीडब्ल्यूएम घातला तर तो बोर्ड जाईल. अशा पंख्यांना हात लावायचाच असेल तर रिमोटचा इन्फ्रारेड सिग्नल नक्कल करून पाठवायचा, वीज सोडून द्यायची.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत येते. खिडकी उघडी नसेल तर ती दाराच्या फटीतून, जमिनीतल्या भोकातून, कुठूनही येईल. खाली डिझेल हीटरचा धुराडा असेल तर तिथूनही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? पंखा आपोआप चालू होणार असेल तर तुम्ही झोपेत असताना होणार. अलार्म नसेल तर आधी तो, मग बाकीचं.

---

पायवाट

@राईनकाठ, अलार्म आहे, पलंगाच्या उशाशी, प्रोपेनचाही वेगळा खाली जमिनीलगत. आणि तुम्ही म्हणालात त्यावरून एक जुनी चूक कळली. त्या रात्री थंडी म्हणून सगळ्या खिडक्या गच्च बंद होत्या. पंखा एक नंबरवर घरघरत होता खरा, पण त्याला हवा मिळत नव्हती, म्हणून आवाज जास्त आणि काम कमी. आता पुढची खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो, पलंग मागे आहे, त्यामुळे हवा सगळ्या व्हॅनमधून जाते. एवढ्यानेच निम्मा फरक पडला. कुणी पंख्याशी खेळण्याआधी हे करून बघा.

स्वयंपाकाचंही सांगते. एक किलो प्रोपेन जळला की त्यातून दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. आम्ही संध्याकाळी वरणभात करून दार लावून झोपायचो. तिघांच्या श्वासाचं रात्रभरात अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात हे.

---

सह्यभ्रमर

पुण्याहून. फोर्स ट्रॅव्हलरचा मागचा भाग रिकामा करून घेतलाय, त्यात असाच पंखा बसवतोय. माझ्या डोक्यात साधा विचार होता: आर्द्रतेचा सेन्सर लावायचा, ७० टक्क्यांच्या वर गेली की पंखा चालू, ६० च्या खाली आली की बंद. जुलैत गणपतीपुळे-गुहागर करून आलो. पंखा चोवीस तास चालूच राहिला, बाहेर ९० टक्के आणि आत ९०. कपडे ओले, चादरी ओल्या. मित्राच्या व्हॅनला एसी आहे, त्याने हेच केलं तर एसीने सुकवलेली हवा पंख्याने बाहेर काढली आणि बाहेरची दमट आत घेतली. हे कसं सोडवताय?

---

पायवाट

@सह्यभ्रमर, धागा काढल्यानंतरचा माझा महिनाच तुम्ही सांगितलात. मीही टक्क्यांवरच सुरू केलं होतं.

टक्के फसवतात. टक्के म्हणजे त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते त्यातलं किती धरलंय. थंड हवा मुळातच कमी धरते, त्यामुळे ९५ टक्क्यांची थंड हवा कोरडी असू शकते. हे पटायला मला वेळ लागला, म्हणून एका रात्रीचे आकडे देते. केप पर्पेचुआलाच, दुसऱ्या खेपेला:

बाहेर ८ डिग्री, ९५ टक्के. दवबिंदू साधारण ७.३ डिग्री.
आत १८ डिग्री, ७० टक्के. दवबिंदू साधारण १२.५ डिग्री.

टक्के बघितले तर बाहेरची हवा जास्त ओली वाटते. पण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं तो, बाहेर पाच डिग्रीने खाली आहे. म्हणजे बाहेर भर पाऊस असताना बाहेरची हवा आत घेतली तर आत कोरडं होणार. आणि तसंच होतं. मी पंखा ३० टक्क्यांवर ठेवला (हे टक्के विजेचे, म्हणजे पीडब्ल्यूएममध्ये वीज ३० टक्के वेळ चालू), दीड तासात आतला दवबिंदू १०च्या खाली आला.

आता तुमचं कोकण बघा. बाहेर २७ डिग्री, ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर जातो. एसीच्या खोलीत २४ डिग्री, ६० टक्के असेल तर दवबिंदू १६ च्या आसपास. तिथे पंखा चालवणं म्हणजे नऊ डिग्रीचा ओलावा विकत घेणं. एसी नसेल तर आत आणि बाहेर सारखंच, पंखा फक्त घाम सुकवायला उपयोगी, चादर सुकवायला नाही.

म्हणून दोन सेन्सर लागतात, आत एक, बाहेर एक, आणि तुलना टक्क्यांची नाही, दवबिंदूंची. ईएसपी३२ च्या बोर्डवर (कोड लिहून चालवायचा छोटासा कॉम्प्युटर) दवबिंदू काढायचं सूत्र चार ओळींचं आहे.

पण खरा उपयोग तिसऱ्या सेन्सरचा झाला. मला हवा किती ओली आहे याच्याशी थेट काही देणंघेणं नाही, मला बरगडीवर थेंब नको आहेत. म्हणून जिथे ती पागोळ्यांची रांग दिसली होती तिथेच, त्या लोखंडाला एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) चिकटवला. थर्मल एपॉक्सीने, वर फोमचा तुकडा, म्हणजे खोलीची हवा त्याला लागणार नाही. वरचे आकडे घेतले त्या रात्री बरगडी ९.५ डिग्रीवर होती. आतला दवबिंदू १२.५. तीन डिग्रीने पाणी सुटणारच. आता नियम एवढाच: बरगडीचं तापमान आतल्या दवबिंदूपेक्षा दोन डिग्रीने तरी वर राहिलं पाहिजे. अंतर कमी व्हायला लागलं की पंखा हळूहळू वाढतो, जास्त असेल तर सगळ्यात कमी वेगावर येतो. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दीड डिग्रीने तरी खाली नसेल तर पंखा वाढवायचाच नाही, कारण वाढवून उपयोग नाही.

---

सह्यभ्रमर

हे वाचून उठून चहा करून आलो आणि परत वाचलं. बरगडीला सेन्सर ही गोष्ट सुचलीच नसती. बाहेरचा सेन्सर कुठे लावलात? आणि आतला?

---

पायवाट

आतला पलंगाच्या उशाशी लावला होता, तो श्वासाने फसायचा, कूस बदलली की आकडा उडी मारायचा. आता पायाकडच्या कपाटाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. छताजवळ लावू नका, उन्हात छत तापतं. हा एसएचटी३१ आहे.

बाहेरचा मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत, खाली भोकं पाडून. उन्हापासून आणि धुराड्यापासून लांब. आधी आरशाखाली लावला होता तो पहिल्याच पावसात गेला. बाहेरचा साधा डीएचटी२२ आहे, कारण तार चार मीटर जाते आणि एसएचटी३१ ची आय-टू-सी लाइन (बोर्डला आकडे पाठवायची) एवढ्या लांब भरवशाची राहत नाही. डीएचटी२२ चा आकडा दोन-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, म्हणून दीड डिग्रीचं अंतर ठेवलंय.

---

तारमिस्त्री

बोर्ड कसा जोडलाय ते सांगा. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची आहे. बरेच जण बाजारातलं आयआरएफ५२० चं तयार मोड्यूल लावतात, त्याने काम होत नाही. त्यातल्या मॉस्फेटला (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका) पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पायावर, दहा व्होल्ट लागतात, ३.३ वर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. आयआरएलझेड४४एन त्याहून बरा, पण त्याचेही आकडे ४ व्होल्टपासून पुढचे दिलेले असतात, ३.३ ला खात्री नाही.

---

पायवाट

@तारमिस्त्री, मी नेमकं आयआरएफ५२० चं मोड्यूल लावलं होतं आणि तो तापलाच. बोट ठेवता येईना.

---

तारमिस्त्री

मग मध्ये गेट ड्रायव्हर घाला. टीसी४४२७. आत ३.३ व्होल्टचा सिग्नल चालतो, बाहेर बॅटरीचे १२ व्होल्ट गेटला देतो. आयआरएलझेड४४एन त्याने नीट उघडेल आणि २५ किलोहर्ट्झला पटकन बंदही होईल. खरेदी करताना नंबर नीट वाचा, ४४२६ उलटा आहे, तो लावला तर शून्य दिलं की पंखा पूर्ण वेगात.

ड्रायव्हरच्या इनपुटपासून ग्राउंडला, म्हणजे निगेटिव्हला, १० किलोओहमचा रेझिस्टर लावायचाच. ईएसपी३२ चालू होताना काही क्षण पिनवर काहीच नसतं, तरंगती असते. त्या वेळी पंखा अचानक सुटतो.

१२ व्होल्ट म्हणता, पण चार्जिंगला तुमची लाइन १४.४ ला जाते. टीसी४४२७ ला १८ पर्यंत चालतं, तरी आत येणाऱ्या तारेवर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी गिळणारा) आणि ३५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. बोर्डला पाच व्होल्ट द्यायला ७८०५ रेग्युलेटर नको, बक कन्व्हर्टर (फारशी वीज न जाळता व्होल्ट उतरवणारा) घ्या. ७८०५ वर आठ व्होल्ट उगाच जळतात, तुम्ही रेझिस्टरमधून वाचवलेलं तिथे घालवाल. वायफायची गरज नसेल तर कोडमधून बंद करा.

@सह्यभ्रमर, तुम्हाला हे सगळं पासोड्या विठोबाच्या गल्लीत एका फेरीत मिळेल. टीसी४४२७ मागताना दोन दुकानं फिरावी लागतील. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

---

अंगणवेल

मला वाटतं आपण फार खोलात जातोय. मी कॅलिफोर्नियात पाच वर्षं व्हॅनने फिरतोय. बटणाचा कंट्रोलर लावला की नव्वद टक्के काम होतं. सेन्सर, बोर्ड, कोड, हे सगळं बिघडणारं सामान आहे. रानात बिघडलं तर काय कराल? छतातली गोष्ट जितकी साधी तितकी चांगली.

---

पायवाट

@अंगणवेल, तुमचं म्हणणं मला पटतं आणि म्हणूनच बटण काढलेलं नाही. एक तीन जागांचा टॉगल लावलाय, मध्ये बंद. मोटरची निगेटिव्ह तार टॉगलच्या मधल्या टर्मिनलला. एका बाजूला जुना बटणाचा कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला नवा बोर्ड. बोर्ड जळला, कोड अडकला, काहीही झालं तरी टॉगल खाली पाडायचा की पंखा बटणावर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोघांना वेगळे ५ अँपिअरचे फ्यूज आहेत. नवऱ्याला यातलं काही कळत नाही आणि कळायची गरज पडू नये अशीच मांडणी केलीय.

कॅलिफोर्नियाची हवा कोरडी, तिथे बटण पुरेल. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे पाऊस. आणि रात्री बटण फिरवायला उठायला मी तयार आहे, आईला उठवायला तयार नाही.

---

अंगणवेल

टॉगल आहे हे माहीत नव्हतं. मग माझी हरकत नाही. उलट टॉगलची मांडणी मीही करून घेतो.

---

मिताक्षरी

एक शंका. २५ किलोहर्ट्झ आपल्याला ऐकू येत नाही, पण कुत्र्याला येत असेल ना? आमचा व्हॅनमध्येच झोपतो.

---

तारमिस्त्री

येतो. कुत्र्याला ४० किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं. पण जितकी फ्रीक्वेन्सी वर जाते तितकी मोटरची थरथर कमी होते, कारण वाइंडिंगमधला करंट तेवढ्या वेगाने वरखाली होऊच शकत नाही. बसवून बघा आणि कुत्र्याकडे लक्ष ठेवा. कान टवकारत असेल, जागा सोडून जात असेल तर मोटरच्या तारांवर फेराइटचं कडं घाला आणि तारा एकमेकींना पिळून घ्या. रेडिओतली खरखरही त्याने जाते.

---

पायवाट

सहा आठवड्यांनी परत येतेय, उशीर झाला.

तारमिस्त्रींनी सांगितलं तसंच सगळं जोडलं. मॉस्फेट आता कोमटसुद्धा होत नाही. शिट्टी पूर्ण गेली. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मला वाटलं पंखा बंदच आहे. एक पानाएवढा टिश्यू पेपर जाळीला लावला, तो हलकेच चिकटून राहिला तेव्हा खात्री पटली.

एक अडचण आली ती लिहून ठेवते. ३० टक्क्यांच्या खाली मोटर फिरत राहते, पण थांबलेली असेल तर सुरू होत नाही. नुसती गुणगुणते. ब्रशची मोटर अशी गुणगुणत राहणं चांगलं नाही, वाइंडिंग तापतं. म्हणून कोडमध्ये सुरू होताना अर्धा सेकंद ७० टक्के देते आणि मग खाली आणते. थंडीत ग्रीस घट्ट होतं, त्यामुळे घरी २० डिग्रीला जमलेलं क्रेटर लेकला जमेना. तळ्याभोवतीची ती कड दोन हजार मीटरच्या वर आहे, एप्रिलमध्येही दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फ. तिथे अर्ध्याचं एक सेकंद केलं.

त्याच रात्रीचे आकडे: बाहेर उणे चार, बरगडी २.५, आत १४. पंखा बहुतेक वेळ ३० ते ४० टक्क्यांच्या मध्ये राहिला. वरण शिजताना एकदा ८० वर गेला आणि पंधरा मिनिटांत खाली आला. सकाळी बरगडीला बोट फिरवलं. कोरडं. काचांवर खालच्या कडेला थोडी ओल, ती पुसली. बॅटरीतून बोर्डासकट रात्रभरात तीन अँपिअर-अवर गेले.

एक नियम नंतर वाढवला: आतलं तापमान दहाच्या खाली गेलं तर पंखा ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. थेंब आले तर पुसता येतील, पण माणसं गारठायला नकोत.

मे महिन्यात ॲल्व्हर्ड वाळवंटात गेलो, तिथे प्रश्न उलटा. ओलावा शून्य, सगळीकडे पांढरी खारट धूळ. तिथे टॉगल बटणावर टाकला आणि मोटरची दिशा उलटी केली (त्यासाठी दुसरा टॉगल आहे, दोन पोलचा). जाळीवर फिल्टरचं कापड बांधलं. पंखा हवा आत ओढतो, व्हॅनमध्ये किंचित दाब वाढतो आणि दाराच्या फटींतून हवा बाहेर जाते, त्यामुळे धूळ आत येत नाही. पाती एका दिशेसाठीच वळवलेली असतात, म्हणून उलट्या दिशेला वारा कमी लागतो, पण धुळीसाठी पुरतो. दिशा बदलताना पंखा आधी पूर्ण थांबू द्या.

---

सह्यभ्रमर

झाकण बंद असताना पंखा आपोआप सुरू झाला तर? माझं झाकणही हाताने फिरवायचं आहे.

---

पायवाट

झालं होतं असं. पहिल्या आठवड्यात. झाकण लावून किराणा आणायला गेलो, परत आलो तर पंखा बंद झाकणाखाली फिरत होता, हवा जायला जागा नाही, मोटर गरम.

आता झाकण उचलणाऱ्या दांड्यावर एक छोटा लोहचुंबक आणि फ्रेमवर रीड स्विच आहे. झाकण पूर्ण उघडलं की चुंबक स्विचसमोर येतो आणि स्विच जोडला जातो. हा स्विच ईएसपी३२ ची पिन आणि ड्रायव्हरचं इनपुट यांच्या मधल्या तारेत आहे. झाकण बंद म्हणजे तार तुटलेली, आणि तारमिस्त्रींचा १० किलोओहम इनपुटला शून्यावर धरून ठेवतो. कोड काहीही म्हणो, पंखा फिरत नाही.

आधी रिले लावायचा विचार होता, म्हणजे बटणाच्या बाजूलाही झाकणाचं कुलूप लागलं असतं. पण गाडीच्या साध्या रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपिअर खाते. पंख्यालाच जेवढं लागतं तेवढं नुसत्या कॉइलला. म्हणून सोडून दिलं. बटणावर असताना माणूस जागा असतो आणि झाकण त्याच्या डोळ्यासमोर असतं.

---

तारमिस्त्री

रीड स्विच गेटच्या सिग्नलमध्ये टाकलात हे फार योग्य केलंत. मोटरच्या तारेत टाकला असता तर तीन अँपिअरने त्याचे पॉइंट चिकटले असते.

---

सह्यभ्रमर

चुंबक नेमका कुठे चिकटवलाय त्याचा फोटो टाकाल का? माझ्या झाकणाला बिजागरीच्या बाजूला जागाच नाही.

---

पायवाट

बिजागरीच्या बाजूला नाही, झाकण उचलणाऱ्या दांड्यालाच चिकटवलाय. आता इकडे रात्र आहे. उद्या उजेडात वर चढून काढते आणि टाकते.